खाडाखोड

वैशाखी पौर्णिमेला मला सात नंबरचं मचाण मिळालं,
दाजीपूरच्या वरचा पाणवठा.
सोबत झुणका-भाकरी, एक कोरा तक्ता
आणि दोरीनं बांधलेली शिसपेन्सिल.
तक्त्यात रकाने होते: प्राणी, वेळ, नर, मादी, पिल्लू, शेरा.
'तेच परत आलं' असा रकाना नव्हता.

साडेनऊला अस्वल आलं.
घोंगडं पांघरून म्हातारा परसाकडे निघावा
तसं, पावलं आत वळवत, पुटपुटत.
डावा कान फाटलेला.
मी एक रेघ मारली.
बाराला आलं, नाकाला वारुळाची माती. रेघ.
दोनला आलं. रेघ.
चारला चांदणं जांभळीआड गेलं होतं, कान दिसला नाही.
खरं सांगायचं तर मी बघितलाच नाही.
झोप लागत होती. रेघ मारली.

पाचवी आडवी मारायची तेवढी राहिली.

त्या चार रेघा राधानगरीला गेल्या,
तिथनं कोल्हापूरला, ताराबाई पार्कातल्या कचेरीत
टाइप झाल्या, कशानं तरी गुणल्या गेल्या,
आणखी वर कुठंतरी जाऊन
पावसाळा सरल्यावर खाली आल्या शिक्का घेऊन:
'संख्या वहनक्षमतेपेक्षा अधिक. नियंत्रण आवश्यक. नग अकरा.'

नग.
आम्ही बांबू मोजताना म्हणतो तसं.

ग्रामसभेला धोंडूबाई झोरेला पुढच्या खुर्चीत बसवलं,
एरवी ती दारात चपलांजवळ बसते.
तिचा अर्धा चेहरा त्यांना पुरावा म्हणून हवा होता.
'बोला मावशी,' रंगराव चौगले म्हणाले, 'भिऊ नका.'
धोंडूबाईनं पदर सारला.

'डोळा गेला. भरपाई मिळाली. म्हस घेतली, ती बी मेली.
तिच्या पाठीवर दोन पिल्लं हुती.
माझ्या पाठीला माझं पोरगं बांधल्यालं.
करवंदाच्या जाळीत दोघीबी एकदमच दचाकलो.
तिचं नख लांब, माझा इळा आखूड.
आता तिला मारून माझा डोळा
कुणाच्या खिशातनं काढून देणार हाईसा?'

मागनं कुणीतरी खाणीचं काढलं,
सुरुंगानं सडा फोडला, वारुळं गेली,
मग जनावर खाली उतरंल न्हाई तर काय करंल?
ग्रामसेवक म्हणाले, अस्वल विषय क्रमांक चार,
खाण विषय क्रमांक सहा.
सहापर्यंत सभा पोचली नाही.

मी उठलो. अंगात खाकी सदरा, सरकारचाच.
म्हटलं, साहेब, चार नव्हती. एकच होतं.
साहेबांनी तक्ता काढला, बोट ठेवलं:
'सही कुणाची?'
माझीच.
'सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही.'

बुधवारी हाका ठरलाय.
बंदुका बाहेरनं येणार, जीपमधनं, थर्मास घेऊन.
हाकाऱ्याला माणसं इथली, दिवसाची हजेरी.
बंडा हलगीवाला सांगतो, हलगी भिजली,
कातडं सैल पडलंय, वाजायची न्हाई.
पाऊस जाऊन तीन आठवडे झाले.
कुणी विचारलं नाही कशानं भिजली.

लहानपणी शाळेची सहल राजवाड्यात नेली होती.
तिथं एक अस्वल दोन पायांवर उभं,
काचेचे डोळे, उघडा जबडा.
मी घाबरलो नाही. मला वाटलं
हे कधीचं इथं उभं आहे, याला कुणीतरी बस म्हणा.

आज मंगळवार. अजून उजाडलं नाही.
मी पाणवठ्यावर आलोय, कामावर नाही.
चिखलात ताजी पावलं:
नख्या सोडल्या तर अनवाणी पोराचीच वाटावीत.
आत वळलेली, पाण्यापर्यंत, पाण्यापासून वर.
बाजूला आणखी दोन, अगदी लहान.
पाठीवरनं उतरली असतील, प्यायला.

मी मोजत नाही.
निरगुडीची एक फांदी तोडली,
आणि उलटं चालत चालत
माती झाडत निघालोय.