पितळेची नळी

प्रत्येक चेलोत एक लांडगा असतो.
जाड तारेवर वर चढत गेलं
की मधल्या कुठल्याशा सुरावर तो गुरगुरतो.
गज थरथरतो, सूर फाटतो,
वाजवणाऱ्याला वाटतं, चूक आपली.

चूक कुणाचीच नसते.
लाकूड एका सुरावर आडवं येतं, एवढंच.
रीगाच्या या तळघरात, सरसाच्या वासात,
चाळीस वर्षं मी हेच सांगत आलोय.
आणि मग घोडीच्या पलीकडे, तारेवर,
बोटाच्या पेराएवढी नळी बसवून देतो.
लांडगा झोपतो.
बारा युरो.

आउस्त्रा पहिल्यांदा आली तेव्हा चौदाची,
लिएपायाहून, बसने,
चेलोचं वेगळं तिकीट काढून.
वडील ट्राम चालवतात म्हणाली.
गावात ट्रामचा मार्ग एकच, त्यामुळे चुकायला वाव नाही.
नळी बसवली. तिने गज ओढला,
सूर शहाण्या मुलासारखा मांडी घालून बसला.
ती खूश झाली
की गप्प झाली, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग हेलसिंकी, शिष्यवृत्ती,
डाव्या बोटांवर घट्टे, उजव्या खांद्यात कळ.
मग ऑडिशन. परीक्षकांपुढे पडदा,
पडद्यामागे बूट काढून चालायचं,
टाचेच्या आवाजावरून बाई ओळखू येऊ नये म्हणून.
सहा वेळा गार फरशीवरून अनवाणी गेली
आणि बूट हातात घेऊन परत आली.
सातव्या वेळी जागा मिळाली:
ऑपेराच्या खड्ड्यात, शेवटची खुर्ची.
नायिका रोज रात्री वर मरते.
आउस्त्राला ऐकू येतो
फळ्यांवर फक्त धप्प आवाज.

नोव्हेंबरात आली. म्हणाली, नळी काढा.
का?
विल्नियसच्या स्कायस्तेने लिहिलंय माझ्यासाठी.
सतरा मिनिटं. सगळं लांडग्यावर.
कागद पुढे केला. स्वरांच्या जागी रेघा,
ओल्या सरपणाच्या धुरासारख्या.
इथे पोटावर बोटांचे सांधे आपट.
इथे गज थांबव, हात थांबवू नकोस.
मी म्हणालो, ज्याला मी जन्मभर झोपवत आलो
त्याला उठवायचे तुला मिळतात किती?
दोनशे, म्हणाली. आले तर.

बंदराजवळचं गोदाम. एकोणीस माणसं,
त्यातली चार स्कायस्तेच्या घरची.
हीटर बंद केला, तो त्याच सुरात घुमत होता म्हणून.
आम्ही कोट घालून बसलो.
माझ्या शेजारी तिचे वडील, गुंतार्स,
ड्यूटीवरून तसेच आलेले, खिशात किल्ल्या,
किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरलेल्या.

तिने गज टेकवला.
आधी नुसतं लाकूड श्वास घेतल्यासारखं.
मग तो आला. फाटका, दुपदरी,
जवळ येतो म्हणेपर्यंत लांब,
लांब गेला म्हणेपर्यंत अंगावर.
माझा हात आपोआप खिशात गेला,
नळी शोधायला.

गुंतार्स माझ्या कानाशी वाकले.
ही तर आमची पाच-चाळीसची, म्हणाले,
बाजाराच्या वळणावरची.
आई रात्रपाळीला, मग हिला कुठे ठेवणार?
मागच्या बाकावर झोपायची.
याच वळणावर जागी व्हायची रोज.
पुढे ते काही बोलले नाहीत.
मीही नाही. चाळीस वर्षं
मी कोणाकोणाच्या ट्राम बंद केल्या असतील
ते मोजत बसलो आणि शेवटची तीन मिनिटं
नीट ऐकलीच नाहीत.

सोमवारी सकाळी पुन्हा दारात.
नळी द्या, आज ऑपेरा आहे.
मी म्हणालो, दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मध्ये पडतो.
ती म्हणाली, पाय लांब आहेत माझे.
आणि जिन्यावर बसून नाकातला सर्दीचा आवाज काढत हसली.

स्क्रू कसा फिरवायचा ते तिला शिकवलं.
घट्ट करायचा, पण जीव घेऊन नव्हे.
आता नळी तिच्या कोटाच्या खिशात असते,
राळेचा तुकडा, खोकल्याच्या गोळ्या
आणि गावाकडच्या ट्रामच्या तिकिटांबरोबर.

शिकवण्याचे बारा युरो मी मागितले नाहीत.
स्कायस्तेचे दोनशेही अजून आलेले नाहीत.