तेवीस

सीपीआरच्या अपघात विभागात, रात्री पावणेदोनला
आकाराम खोत ओरडत नव्हता.
साखर कारखान्यातला बॉयलर अटेंडंट,
नडगीवर पाइप पडून नऊ तास.
हाड सरळ बसवलेलं, स्लॅब सैल केलेला,
इंजेक्शन दोनदा दिलेलं,
तरी अंगठा जरासा वर ओढला
की कपाळावर शीर उभी.

नाडी लागत होती. हीच तर गोम.

फोनवर सर म्हणाले, नाडी आहे ना?
सकाळपर्यंत बघू.
मी हो म्हटलं.
मग मार्चमधला वडणग्याचा पोरगा आठवला.
त्याचीही लागत होती.

मशीन आमच्याकडे नाही.
सुई, सलाईनची नळी, तीन तोंडांची तोटी,
आणि वॉर्डातलं जुनं पाऱ्याचं बीपीयंत्र.
नडगीच्या कडेनं पुढल्या कप्प्यात सुई घातली,
दट्ट्या हळू, हळू दाबला.
नळीतलं पाणी हललं
तेव्हा पारा एकेचाळीसवर.

खालचं बीपी चौसष्ट.
चौसष्टातून एकेचाळीस गेले,
हातचाही घ्यावा लागत नाही.
तेवीस.
निदान तीस हवेत.
रक्ताला आत शिरायला तेवढी उतरण लागते.

आकाराम मान उचलून पाऱ्याकडं बघत होता.
"लाल रेघंच्या वर गेलंय न्हवं, बाई?
बॉयलर फुटायच्या आदी हाक मारत न्हाई.
आमी काटा बगतो, वाफ सोडतो,
सायबाला मागनं उठवतो."

मी साहेबांना आधीच उठवलं.
आकडा सांगितला, नुसता आकडा.
पलीकडं थोडा वेळ काहीच नाही.
मग, थिएटर लाव. निघालो.

बाहेर त्याचा भाऊ बाटली धरून उभा,
गंगावेशीच्या कट्ट्यावरचं दूध.
पाजू नका म्हटलं, ऑपरेशन आहे,
तेव्हा कुठं तो रडला.

दोन लांब काप.
कातडीखालचा पांढरा चिवट पडदा सुटला
आणि मांस उसळून वर आलं, जांभळं.
चिमट्यानं टोचलं. काही नाही.
थांबलो.
पुन्हा टोचलं.
हललं.

आता राउंडला गेले की आकाराम विचारतो, आज किती?
मोजत नाही आता, म्हणते मी.
ते त्याला पटत नाही.

वडणग्याच्या पोराचा केसपेपर
मी रेकॉर्डरूममधून काढून आणला.
नाडी आहे, रात्री दहा.
नाडी आहे, रात्री एक.
नाडी आहे, पहाटे पाच.
अक्षर माझंच.
आकडा कुठंच नाही.