पोचा

उद्यमनगरात सत्तावीस वर्षं पत्रा ठोकतोय.
गाडी आत आली की मालकाचं ऐकत नाही,
आधी पोच्यावरून हात फिरवतो.
माणूस काहीही सांगतो.
पत्र्याला तेवढी अक्कल नसते.

ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते,
मार बंपरवर बसतो, खाली,
लाजल्यासारखा.
न दाबता गेली तर थेट वर,
बॉनेटच्या ओठावर.
अलीकडं असलेच पोचे जास्त येतात,
शेवटपर्यंत समोर कुणी आहे
हे ठाऊकच नसलेले.

मंगळवारी पांढरी गाडी आली.
मालक तरणा, बोलायला गोड, इंगवले म्हणून.
"कुत्रं आडवं आलं हो मिस्त्री, फुलेवाडीच्या पुढं."
मी बोट फिरवलं.
ताटलीएवढा गोल, कडेला खोल रेघ,
रेघेत चंदेरी भुकटी.
म्हटलं, कुत्र्यानं ॲल्युमिनियम घातलं होतं वाटतं.
तो रागावला नाही, हसला नाही.
ऐकलंच नव्हतं.
अंगठा काचेवर चालू होता त्याचा.
"रविवारी साखरपुडा आहे. खूण राहायला नको."

गुरुवारी बालिंग्याहून शालाबाई पोवार आल्या.
काखेत दुधाची किटली, एका अंगानं चेपलेली.
"ह्येंचा पाय टांगलाय सीपीआरमध्ये.
मागनं कोण उडवून गेलं, दिसलंच न्हाई.
रतीब मीच घालते आता, चालत.
मापात लिटरभर कमी भरतंय,
गिऱ्हाईक म्हणतंय, बाई चोरती.
एवढं सरळ हुतंय का बघा."

बाईंना चहा मागवला.
किटली घेऊन आत गेलो
आणि तिच्या बुडाची कड
पांढऱ्या गाडीच्या पोच्याला लावली.
बसली.
साच्यात बसावी तशी,
रेघेला रेघ.

मी तरी कोण मोठा सांगणारा.
गेल्या उन्हाळ्यात कळंब्याहून घरी येताना
मेव्हण्याचा फोन, मान वाकडी करून खांद्यात दाबलेला,
वाटणीच्या सात गुंठ्यांवरून भांडत होतो.
दारात स्कूटर लावली तेव्हा
मधला सिग्नल, सुटलेली शाळा,
शेंगावाल्याचा गाडा,
यातलं काहीच आठवेना.
तीन किलोमीटर कुणी चालवली स्कूटर
मला अजून माहीत नाही.
कुणी मेलं नाही, एवढंच.
त्यात माझं काही पुण्य नव्हतं.

किटलीचं तोंड अरुंद, हातोडी आत जात नाही.
लाकडी दांडक्यानं आतून रेटत रेटत आणली बाहेर.
पाणी ओतून मोजली, दोनदा.
पैसे घेतले नाहीत.
गाडीचा नंबर चिठ्ठीवर लिहिला,
झाकणात ठेवला,
आणि वाचून दाखवला मोठ्यानं.
बाई काही बोलल्या नाहीत.
चहाचा कप तेवढा विसळून पालथा घातला.

शनिवारी पोरगं गाडी न्यायला आलं.
मी बिल पुढं केलं:
पत्रा. लांबी. रंग दोन हात.
किटली, एक.
आणि त्याखाली
पाय, एक,
समोर रक्कम मोकळी.
त्यानं कागद घडी घालून खिशात टाकला.
"टोटल बोला."
फोन धरला, भिंतीवरच्या चौकोनावर रोखला,
डबा ओरडला, पैसे मिळाले म्हणून.

तशीच रिव्हर्स घेतली त्यानं,
नजर मांडीवरच्या उजेडात.
सोहेलनं बादली उचलून उडी मारली बाजूला.
शिवी दिली, ती काचेबाहेरच राहिली.

मी बॉनेटकडं बघत होतो.
काम चोख झालंय का, हे आम्ही
ट्यूबलाइटच्या सावलीवरनं ओळखतो.
लख्ख पांढऱ्या पत्र्यात
ती पार टोकापर्यंत
सरळ होती,
कुठं म्हणून वाकत नव्हती.