रकाना नऊ

हमीची मुदत संपून एकेचाळीस दिवस झाले होते
तेव्हा गुणवंत ढोलेंची पिकअप
टोचन लावून आमच्या गेटातून आत आली.
मागे गाद्यांचे गठ्ठे, दोन मोठे गंज, एक भोंगा,
आणि लाडखेडच्या मांडवातली सुकलेली आंब्याची पानं.
वैशाख. दारव्हा रोडवर डांबर चपलेला चिकटत होतं.

ढोलेंनी पाणी नाकारलं.
"सायेब, तिकडं वऱ्हाड येऊन बसलं
अन् मी रस्त्यावर बोनेट उघडून उभा.
दीड महिना आधी मेली असती हे, त काय झालं असतं तिले?"

याला उत्तर नसतं. मी फॉर्म काढला.

कंपनी त्याला सद्भावना म्हणते.
सद्भावनेला तीन पानं आहेत, दोन शिक्के, नऊ रकाने.
किती किलोमीटर, किती सर्व्हिसिंग,
त्यातली बाहेर किती, बिलं जोडली का,
आणि शेवटी, रकाना नऊ: ग्राहकाची निष्ठा.
खाली बारीक अक्षरात: थोडक्यात लिहा.

"याआधी आमची गाडी होती का?"
"माह्या बापाकडं होती. तुमचीच.
इकली तवा माय दोन दिवस जेवली नाई. लिहा हे."
मी लिहिलं: दुसरी पिढी.

नवव्या दिवशी मंजुरी आली.
पंप कंपनीचा, मजुरी तुमची.
ढोलेंनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.
"हे काऊन देऊन रायले?
म्हंजे पंपातच खोट होती का पयलेपासून?"
नाही हो, सद्भावना.
"कंपनीले मन असते काय, सायेब?"
आणि खुर्ची हलेल इतके हसले.
पुढच्या हंगामाआधी दुसरी पिकअप त्यांनी आमच्याकडूनच घेतली,
मेहुण्याला घ्यायला लावली,
आणि प्रत्येक लग्नात, आचाऱ्याजवळ उभं राहून
त्या पंपाची किंमत दोन-दोन हजारांनी वाढवत नेली.
मॅनेजरसाहेबांनी भिंतीवर तक्ता लावला.
एक पंप, तीन गाड्या.

तक्त्यावर नाही ते सांगतो.

त्याच महिन्यात पुष्पा तेंभुर्णे आल्या, उपकेंद्राच्या सिस्टर.
लहान गाडी, पांढरी, डॅशबोर्डवर लसीकरणाचं वेळापत्रक.
गिअरबॉक्स गेलेला. मुदत संपून छत्तीस दिवस,
म्हणजे ढोलेंपेक्षा पाच कमीच.
पण एक ऑइल बाहेर बदललेलं होतं,
एका बाळंतिणीला यवतमाळला पोचवून परतताना, रात्री, जिथे उघडं दिसलं तिथे.
बिल नव्हतं.
रकाना नऊशी मी थांबलो.
"याआधी?"
"पहिलीच," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातली पहिलीच."
मी लिहिलं: लागू नाही.

नामंजूर, एका ओळीत.
त्यांनी बिल दोनदा वाचलं,
नोटा मोजून दिल्या, मोजून घ्या म्हणाल्या,
आणि जुना पार्ट मागितला.
तेलकट लोखंड पिशवीत घालून घेऊन गेल्या.
भांडल्या असत्या
तर तक्रारवहीत लिहायला काही तरी झालं असतं.

आता रोज साडेनऊला ती पांढरी गाडी
आमच्या गेटासमोरून जाते.
वेग कमी होत नाही, जास्तही नाही.
पुढच्या वळणावर कडुलिंब आहे, त्याखाली रफीक मिस्त्री,
एक बाकडं, एक पाण्याचा माठ,
कुठलाच फॉर्म नाही.

माझी स्वतःची स्कूटर मीही तिथंच नेतो.
तिची हमी माझ्या लग्नाच्याही आधी संपली.
परवा गेलो तर सिस्टर बाकड्यावर बसलेल्या.
मी गणवेशातच होतो, खिशावर कंपनीचं नाव.
त्यांनी ते वाचलं. मग पर्स उचलून मांडीवर घेतली
आणि मला बसायला जागा केली.

"थांबा थोडं," मिस्त्री गाडीखालून म्हणाला,
"पयले सिस्टरची."