जत्रंला घ्या गणती

विट्याहून सोळा किलोमीटर, पुढं मुरमाचा रस्ता.
माझ्या गटात एकशे बारा घरं,
एकेचाळीस कुलपाची.
कुलपं भारीतली,
पावसानं गंजू नयेत म्हणून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली.
मार्बलच्या पायरीवर कुणाचीतरी शेळी रवंथ करतेय.

इथली पोरं दहावी झाली की गलाईला जातात,
त्रिचूर, विजयवाडा, कुठंकुठं.
सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घेतात,
जाळतात, तेजाबात घालतात,
धुळीतून गुंजभर सोनं काढतात.
त्या गुंजांवर गावात दुमजली बांधतात
आणि कुलूप लावून परत जातात.

यसाबाई हसबे. वय अंदाजे सत्तर.
"घरात किती माणसं?"
"सात."
दिसत होती ती एकटी, आणि चुलीपाशी मांजर.
आजी, ह्या वीस दिवसांत इथं राहणारीच धरायची.
"जत्रंला येत्यात की समदी."
जत्रा चैत्रात, गणती माघात.
"मग जत्रंला घ्या गणती.
सरकारला गाव बघायचंय का कुलपं?"

मी एक लिहिला.
तिला वाचता येत नाही,
पण एक ओळखता येतो.

उरलेले सहा तिकडं कुणीतरी लिहून घेईल.
जन्मस्थान विटा. कारण : कामधंदा.
मातृभाषा विचारल्यावर धाकटा नातू
बापाच्या तोंडाकडं बघेल.
मग कधीतरी तक्ता निघेल,
ह्या राज्यातून त्या राज्यात इतके हजार,
आणि त्या हजारांच्या जोरावर कुणी रेल्वे मागेल,
कुणी म्हणेल, ह्यांचं रेशन तिथं चालू द्या.
खोटं नाही ते.
प्रशिक्षणात साहेब बोललेच होते,
आकड्याशिवाय अर्जाला पाय फुटत नाहीत.

माझ्या ह्या एकालाही फुटतील.
तो जाईल नळाच्या योजनेत, मुक्कामी एस.टी.च्या फाइलीत,
आणि माझ्या शाळेत, जिथं पट सतरा आहे.
ज्या पेनानं सकाळी हजेरी घेते,
त्याच पेनानं दुपारी.

बायकांच्या रकान्यात चार.
चार म्हणजे विवाह. पानच्या पान चार.
मुलाण्यांची शमीम तेवढी म्हणाली,
"लगीन ही नुसती एस.टी., बाई.
बसायचं कारण येगळं आसतंय."
मी पेन उचलून थांबले.
ती पापड वाळत घालायला उठून गेली.
चार लिहिला.
माझ्याही नावापुढं, मिरजेहून आलेली म्हणून,
कुणीतरी न विचारता तोच लिहिलाय.

मार्चच्या दोन तारखेला फेरतपासणी :
कुणी जन्मलं, कुणी गेलं?
यसाबाईच्या दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, काल धाकटा घेऊन गेला,
डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग बघू म्हणाला.
मांजर आता आमच्यात येतंय.

नियम पाठ आहे माझा. मोजणीच्या रात्री ती इथं होती,
एक तसाच राहतो.
कागदावर घर उघडं.

पिशवीची गाठ नवशिक्या हाताची, सैल.
आवळून बांधली,
आणि पुढच्या घराकडं निघाले.