भाव

कॅमेरा उकड्या तांदळाच्या डब्यात झोपतो.
बांदिवडेकरकाका म्हणाले होते, किनाऱ्यावर लेन्सला बुरशी धरते,
काचेच्या आत पांढरी मुळं पसरतात,
तांदूळ ओल ओढून घेतात.
आई म्हणते, भाताला बॅटरीचा वास येतो.

कोल्हापूरहून आणलेला, तिसऱ्या हातचा,
अठरा हप्त्यांपैकी चार फिटलेले.
कार्डं छापली: मिताली खवणेकर, छायाचित्रकार, सर्जेकोट.
शंभर छापली. एक्क्याण्णव शिल्लक.

पहिलं काम तळाशीलला, सामंतांच्या होमस्टेवर.
चार खोल्या, आणि प्रत्येक खिडकीत समुद्र हवा,
न्हाणीघराच्या झरोक्यातसुद्धा.
मी स्टुलावर चढले, माडाच्या अळ्यात पाय रोवले,
भरतीची वाट बघत बसले,
कारण ओहोटीचा समुद्र, ते म्हणाले,
पैसे वसूल झाल्यासारखा दिसत नाही.
दोनशे चौदा फोटो. निवडून तीस दिले.
सोलकढी मिळाली. तळलेला बांगडाही.
पैशांचं निघालं तेव्हा ते हसले,
"अगो, तुझं नाव होईल!"

नाव.
बाबांची आहे ती, धक्क्याला बांधलेली.
तिलाही डिझेल लागतं.
हे उत्तर मला सुचलं
एसटी निघून गेल्यावर, देवळापाशी.

रात्री पाटी धुताधुता आई बोलली,
जणू मी काही विचारलंच होतं:
"भाव सांगताना खाली बघू नको.
एकदा सांगितलंस काय गप ऱ्हव.
जो पयलो बोलतलो, तो हरलो."
बर्फाने सुरकुतलेल्या तिच्या बोटांवर
दिव्याचा उजेड चांगला पडला होता.
मी कॅमेरा काढला नाही.
डब्याचं झाकण वाजलं असतं.

मग काकांच्या स्टुडिओत, तीनशे रुपये रोजावर,
खलाशांची ओळखपत्रं.
पांढरा पडदा, कान दिसले पाहिजेत,
हनुवटी वर, हसायचं नाही.
एका दुपारी पस्तीस चेहरे,
पस्तीस वेळा माझंच "हलू नका."

शेवटचा टेकबहादूर. गेला, आणि परत आला.
एक फोटो अजून हवा होता, घरी पाठवायला.
मी म्हटलं, चल धक्क्यावर, ऊन छान उतरलंय,
मागे समुद्र घेऊ.
त्याने मान हलवली.
समुद्र नको, दीदी. आई घाबरते.
तिला वाटतं, मी हॉटेलात असतो.

सर्जेकोटात समुद्र नसलेली जागा!
बर्फाच्या कारखान्यामागे गेलो, तर फटीतून लाटा.
शाळेच्या पायरीवर, तर डोक्यामागे क्षितिज.
शेवटी उभा केला किराणा दुकानाच्या बंद शटरसमोर,
सिमेंटच्या जाहिरातीशेजारी.
दोरीचे वळ होते तळहातांवर,
हात खिशात घालायला सांगितले.
तो हसला. मागचे दोन दात नव्हते.
एकच घेतला.

"कितना?"

पोटात ओहोटी लागली.
"शंभर," म्हटलं, त्याच्या डोळ्यांत बघून,
आणि गप राहिले.
कुणीतरी बर्फाची गाडी मागे घेत होतं.
तो बोलेना. मीही बोलेना.
मग दोन पन्नासाच्या नोटा,
दमट, घडीत खवले अडकलेल्या.

घरी आईने त्या हुंगल्या.
"किती येळ लागलो?"
दीड तास, म्हटलं.
"मगे कमी घेतलंस."
आणि डब्यात हात घालून
तिने तांदळात खळगा केला, कॅमेऱ्यापुरता.