खांबांचे खड्डे

मंडपाचे खांब मी कालच रोवले.
हातभर खणलं नाही तोच लागली ती माती
जिच्यासाठी आज एवढ्या गाड्या आल्यात.
पहार वर काढली तर टोक लालभडक,
जसं काही कुणाच्या पोटातनं काढली.

मी बस्त्याव. बस्त्याव साऊंड सर्व्हिस,
लग्न, फेस्त, दशावतार, निवडणूक.
दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर
आणि एकच माईक,
त्याला सगळ्या पक्षांची थुंकी लागलेली.

आज डोंगराची जनसुनावणी.
डोंगर शाळेच्या मागे उभा,
खुर्ची न मिळालेल्या माणसासारखा.

विरोधी पक्षाचे आमदार उठले.
बोलले झकास. मी आवाज दोन घरं वाढवला.
म्हणाले, हे सरकार नाही, दलाल आहे,
तुमच्या पायाखालची जमीन बार्जमध्ये भरून पाठवतं
आणि तुम्हाला देतं काय?
खोकला.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू.
म्हणाले, टनामागे गावाला किती, ते जाहीर करा.
ग्रामसभेचा ठराव कुठल्या फायलीखाली दाबलात?
काजूच्या मोहोरावर बसलाय तो लाल थर
हाच या सरकारचा पाच वर्षांचा अहवाल!

खरं होतं. शब्द न् शब्द खरा.
तीच तर पंचाईत.

अकरा वर्षांमागे ह्याच मैदानात,
ह्याच माईकवर, हाच गळा:
खाण येऊ द्या, मुंबईला गेलेली पोरं परत येतील.
तेव्हा हे मंत्री होते
आणि आज सरकारात बसलेत ते
तेव्हा गेटाबाहेर ओरडत होते, दलाल, दलाल.
शब्दसुद्धा नवा घेतला नाही कुणी.
पाणवठ्यावरचा तांब्या तो,
तहान लागेल त्यानं उचलावा,
पिऊन झालं की पालथा घालून जावं.

कॅसेट आहे माझ्यापाशी.
पेटीत, वायरींच्या तळाला, तारीख घालून ठेवलेली.
बटण अंगठ्याच्या टप्प्यात.
दाबणार होतो.
पण पहिल्या रांगेत कंपनीचा साहेब,
मांडीवर विकतच्या पाण्याची बाटली,
सगळ्यांत आधी तोच हसला असता.
अंगठा मी खिशात घातला.

मग द्वारका गवस उठली.
यादीत तिचं नाव नव्हतं.
माईक तिनं नारळासारखा धरला, दोन्ही हातांत.
म्हणाली, माका भाषण येणा नाय. गाऱ्हाणा येता.
आणि साहेबांकडे पाठ करून
डोंगराकडे बघत सुरू झाली:

बा राखणदारा,
आमच्या झरीचा पाणी कसा होता ता तुका म्हायत.
ज्यांनी सही केल्यानी,
आणि सही करणाऱ्याक गाळी घालून
मगे आपण सही केल्यानी,
तेंचीय घरां उभी ऱ्हवांदेत,
पोरांबाळां सुखी ऱ्हवांदेत.
फकत तेंच्या नळाक
आमचाच पाणी येवंदे.

व्हय म्हाराजा, म्हणाला मंडप.
पोलीसही म्हणाले, सवयीनं.
आमदारांच्या तोंडून पण आलं ते.
मला ऐकू आलं, कारण त्यांच्या टेबलावरची वायर
मी बंद करायला विसरलो होतो.

नायब तहसीलदारांनी इतिवृत्तात लिहिलं:
‘एका महिलेने पाण्याबाबत म्हणणे मांडले.’

संध्याकाळी भोंगे उतरवले, आतली धूळ झटकली.
खाली जेटीला बार्ज लागलेलं,
काठापासून बरंच आतवर पाणी वीटकरी.
भाडं दोन्ही पक्षांकडे बाकी.

निघणार तर शिपाई धावत आला,
बस्त्याव, खांबांचे आठ खड्डे बुजवून जा.
ग्रामपंचायत दंड करते.